पाठीवर गाठ घेऊन जन्मलेले बाळ: स्पायना बिफिडा समजून घेण्यासाठी कुटुंबांना मार्गदर्शन

खानदेशात अशा बाळाची बातमी बहुधा एकाच वाक्यात बाहेर येते: "पोऱ्याना पाठवर गाठ शे." गाठ डोळ्यांना दिसते, म्हणून घरच्यांचे सारे लक्ष तिच्यावर खिळते आणि शस्त्रक्रिया होऊन टाके निघाले की संकट टळले असे सगळ्यांना वाटू लागते. प्रत्यक्षात गाठीचे काम पहिल्या काही दिवसांत संपते. मूल पुढे किती निरोगी राहील हे त्याच्या डोक्यात साठणाऱ्या पाण्यावर आणि त्याहूनही अधिक त्याच्या लघवीवर ठरते. या दुसऱ्या गोष्टीकडे घरात आणि कधीकधी दवाखान्यातही उशिरा लक्ष जाते, म्हणून या लेखात तिला सर्वाधिक जागा दिली आहे.

नेमके काय घडते

गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील पेशींचा एक सपाट पट्टा दोन्ही कडांनी वर उचलला जातो, कडा एकमेकींना मिळतात आणि त्याची नळी तयार होते. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून मज्जारज्जू घडतो. हे काम साधारण २८ व्या दिवसापर्यंत पूर्ण होते. नळीचा खालचा एखादा भाग मिटायचा राहिला, तर त्या जागी मणक्यांच्या कमानीही जुळत नाहीत. हाच स्पायना बिफिडा.

त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात केवळ मणक्याची कमान अपुरी असते, वर त्वचा अखंड असते आणि मज्जारज्जूला धक्का लागलेला नसतो. याला ऑकल्टा म्हणतात. कंबरदुखीसाठी काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात हा शब्द वाचून घाबरलेली मोठी माणसे अनेकदा भेटतात. अनेक निरोगी माणसांत हा फरक आढळतो आणि त्याच्यासाठी बहुतेकांना काहीच करावे लागत नाही. मात्र बाळाच्या कमरेवर मधोमध केसांचा झुपका, चरबीची मऊ गाठ, लालसर डाग किंवा नितंबांच्या फटीच्या वर खोल खळगा असेल, तर आत मज्जारज्जू चिकटलेला असू शकतो. असे बाळ पहिल्या तीन महिन्यांतच दाखवावे, कारण तोपर्यंत मणक्यांची हाडे पुरती कडक झालेली नसतात आणि पाठीच्या सोनोग्राफीतून बरेच काही कळते; पुढे एम.आर.आय. लागतो.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे मेनिंगोसीलमध्ये, मज्जारज्जूचे आवरण पाण्यासह पिशवीसारखे बाहेर येते, पण रज्जू बहुधा आतच राहतो. हा प्रकार विरळा आहे. तिसरा, मायलोमेनिंगोसील, सर्वांत गंभीर असतो. त्यात मज्जारज्जू आणि मज्जातंतू उघड्यावर आलेले असतात. पुढील मजकूर मुख्यतः याच प्रकाराविषयी आहे.

गाठ पाठीवर किती उंचावर आहे, यावर पायांची ताकद ठरते. अगदी खाली, माकडहाडाच्या वरच्या बाजूला गाठ असलेली मुले बहुधा चालतात, फार तर घोट्याला आधार लागतो. कमरेच्या मधल्या भागात असेल तर लांब कॅलिपर आणि कुबड्या लागू शकतात. छातीच्या पातळीवर असेल तर बहुतेकांना चाकाची खुर्ची लागते. लघवी व शौचावरचे नियंत्रण सांभाळणारे तंतू मज्जारज्जूच्या शेवटच्या भागातून निघतात, त्यामुळे गाठ कितीही खाली असली तरी हा त्रास जवळजवळ सर्वांना होतो. व्यवस्थित चालणाऱ्या मुलाचे मूत्रपिंड धोक्यात असू शकते, हे म्हणूनच पटवून द्यावे लागते. बुद्धी बहुतेक मुलांची सर्वसामान्य असते.

कारण एकच असे सांगता येत नाही. आनुवंशिक कल, आईच्या शरीरात फोलेट आणि बी-१२ या जीवनसत्त्वांची कमतरता, गर्भधारणेपूर्वीपासूनचा मधुमेह, लठ्ठपणा, सुरुवातीच्या आठवड्यांतील तीव्र ताप आणि फिट्सवरील काही औषधे, विशेषतः सोडियम व्हॅल्प्रोएट, यांचा वाटा असतो. ग्रहणात भाजी चिरली, सुई हातात घेतली, अमुक घरचे खाल्ले, या गोष्टींचा काहीही संबंध नाही. सासरची मंडळी सुनेला हा हिशेब विचारत बसतात आणि त्यात बाळाच्या उपचाराचे पहिले मोलाचे तास जातात, म्हणूनच हे लिहावे लागते.

पोटात असताना कळले तर

सोळाव्या ते अठराव्या आठवड्यात आईच्या रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन हे प्रथिन तपासून संशय घेता येतो; खात्री अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सविस्तर सोनोग्राफीने होते. तज्ज्ञ पाठीबरोबर डोकेही पाहतात, कारण कवटीचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी चेपलेला आणि लहान मेंदू खाली ओढलेला दिसणे ही भक्कम खूण असते. या तपासणीला कायद्याची आडकाठी नाही; १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्यावर.

आपल्याकडील अडचण वेगळ्याच जागी असते. नंदुरबार, धुळे भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि नेमके ते पाच-सहा आठवडे तांड्यावर निघून जातात. निघण्यापूर्वी आशाताईंकडून सोनोग्राफीची तारीख लिहून घ्यावी आणि जिथे मुक्काम असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात ती करून घ्यावी. दुसरी अडचण पहिल्या बाळंतपणाची. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, कार्ड येते, पण सोनोग्राफीची फाईल सासरच्या कपाटातच राहते आणि माहेरच्या दवाखान्याला काहीच ठाऊक नसते. ही फाईल पिशवीत सर्वांत आधी ठेवावी.

निदान झाल्यावर डॉक्टरांना हे प्रश्न विचारावेत: गाठ कोणत्या मणक्याच्या पातळीवर आहे, डोक्यात पाणी वाढले आहे का, पाय वाकडे दिसतात का, हृदय किंवा मूत्रपिंडात आणखी काही दोष आहे का, आणि प्रसूती कोठे करावी. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर दोष असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत आणि त्यानंतर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय पुरी माहिती घेऊन त्या स्त्रीनेच करायचा असतो. कायदा प्रौढ स्त्रीची एकटीची संमती मागतो, इतर कोणाची नाही. काही मोजक्या केंद्रांत २६ आठवड्यांच्या आत गर्भाशयातच गाठ बंद करण्याची शस्त्रक्रियाही होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तिच्यामुळे शंट, म्हणजे डोक्यातील पाणी काढणारी नळी, लागण्याचे प्रमाण ८२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले, पण अकाली प्रसूती आणि गर्भाशयाच्या व्रणाचा धोकाही त्यात दिसला.

गर्भ ठेवण्याचे ठरले, तर प्रसूती नवजात अतिदक्षता विभाग आणि न्यूरोसर्जन किंवा बालशल्यचिकित्सक जिथे आहेत तिथेच करावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरी त्या आठवड्यात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर उपलब्ध आहे का, हे आधी फोन करून विचारावे. नसेल तर नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. नंदुरबारहून पुष्कळ जण रेल्वेने सुरतला जातात. तिथे आपले सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड चालते का, हे निघण्यापूर्वीच पक्के करावे.

जन्मानंतरचे पहिले तास

बाळ अचानक अशा गाठीसह जन्मले, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असो की धडगाव, अक्कलकुव्याकडच्या एखाद्या पाड्यावर, तर त्याला प्रथम पालथे किंवा कुशीवर ठेवावे. पाठीवर निजवू नये. गाठीवर हळद, राख, तेल, पावडर किंवा स्पिरिट काहीही लावू नये. निर्जंतुक गॉज सलाईनच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने गाठीवर ठेवावा आणि तो सुकू नये म्हणून वरून स्वच्छ पातळ प्लास्टिक लावावे. कोरडा कापूस तंतूंना चिकटतो, म्हणून तो टाळावा. शौच गाठीकडे जाऊ नये यासाठी गाठीच्या खाली प्लास्टिकचीच एक आडवी पट्टी चिकटवतात. हातमोजे शक्यतो लॅटेक्स रबराचे नसावेत, कारण या मुलांना वारंवारच्या शस्त्रक्रियांमुळे लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी होण्याचा धोका असतो. पुढे वाढदिवसाचे फुगेसुद्धा या यादीत येतात.

यानंतर १०८ ला फोन करावा आणि ज्या रुग्णालयात नेणार तिथे आधी कळवावे. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे, तेव्हा गाडीभाड्यासाठी थांबू नये. प्रवासात बाळाला ऊब मिळेल असे पाहावे आणि दूध केव्हा, कसे द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच निघावे. गाठीतून पाणी गळत असेल तर तसे सर्वांत आधी सांगावे, कारण मेंदूपर्यंत जंतुसंसर्ग पोहोचण्याची भीती असते.

गाठ शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत बंद करतात. ही शस्त्रक्रिया जंतुसंसर्ग रोखण्यासाठी आणि उरलेले तंतू जपण्यासाठी असते. गेलेली ताकद तिने परत येत नाही. ऑपरेशनला जाण्यापूर्वी हे आजोबा-आजींनाही नीट समजावून सांगावे. नाहीतर "ऑपरेशन करूनही पाय हलत नाहीत" म्हणून पुढे सगळा दोष डॉक्टरवर किंवा सुनेवर येतो.

डोक्यातील पाणी

मायलोमेनिंगोसील असलेल्या बहुतेक बाळांच्या मेंदूतील पाणी नीट वाहून जात नाही आणि साठत राहते. त्यासाठी मेंदूपासून पोटापर्यंत त्वचेखालून एक बारीक नळी बसवतात, तिला व्ही.पी. शंट म्हणतात. काही मुलांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचाही पर्याय असतो.

घरी करायचे काम म्हणजे डोक्याचा घेर मोजणे. न ताणणारी टेप भुवयांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी, तीनदा मोजावे आणि सर्वांत मोठा आकडा तारखेसह वहीत लिहावा. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्मतः ३४ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला साधारण २ सेंटिमीटरने वाढतो. याहून वेगाने वाढत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. अंगणवाडीच्या सेविकेला सोबत घेऊन मोजल्यास आकड्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो.

शंट बंद पडू शकतो, त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. टाळू फुगणे, डोळ्यांची बुबुळे खाली वळलेली राहणे, सतत रडणे, उलट्या, गुंगी, फिट, आणि मोठ्या मुलात डोकेदुखी किंवा शाळेत अचानक मागे पडणे या त्याच्या खुणा आहेत. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की उलटी करणाऱ्या प्रत्येक मुलाला "ऊन लागले" म्हणून कांद्याचा रस आणि ओ.आर.एस. दिले जाते. शंट असलेल्या मुलाच्या बाबतीत उलटी आणि गुंगी एकत्र आली की ऊन लागले असे गृहीत धरायचे नाही. त्याच दिवशी न्यूरोसर्जन गाठायचा.

लघवी: ज्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते

मूत्राशयाचे तंतू नीट काम करत नसले की मूत्राशय भरतो, पण पूर्ण रिकामा होत नाही. आतला दाब वाढून लघवी उलटी मूत्रपिंडांकडे चढते, जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंडे हळूहळू, कोणतीही वेदना न होता, निकामी होऊ लागतात. आईवडिलांना मात्र दिसते ते एवढेच की लंगोट सदा ओला असतो. "लघवी तर होतेच आहे" हा निष्कर्ष येथे फसवा ठरतो, कारण गळणारी लघवी बहुधा तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून वरच्यावर सांडणारी असते.

म्हणून बाळ घरी जाण्यापूर्वीच मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते याची तपासणी व्हायला हवी. पुढे मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करतात. रुग्णालयाने सुचवले नाही तर पालकांनी स्वतः विचारावे.

उपाय साधा आहे, पण रोजचा आहे. ठरावीक वेळी मूत्रमार्गातून बारीक नळी घालून मूत्राशय रिकामा करायचा आणि नळी लगेच काढून घ्यायची. १९७२ मध्ये अमेरिकेतील जॅक लॅपिडेस यांनी या कामाला निर्जंतुक हातमोजांची गरज नसून स्वच्छ हात पुरतात असे दाखवून दिले आणि ते दवाखान्यातून घरात आले.

पद्धत अशी आहे. साबणाने हात चोळून धुवावेत, बांगड्या आणि अंगठ्या वर सरकवाव्यात किंवा काढाव्यात. बाळाला टॉवेलवर निजवावे. मूत्रमार्गाची जागा साध्या पाण्याने पुढून मागे पुसावी. बाळासाठी ६ किंवा ८ नंबरची नळी बहुधा चालते. आपल्याकडे दूध पाजण्यासाठी मिळणारी बारीक प्लास्टिक नळीच अनेकदा यासाठी वापरतात, कारण ती स्वस्त असते आणि कोणत्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळते. टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावावी. खोबरेल तेल लावू नये. मुलीत योनीच्या वरच्या बाजूचे लहान छिद्र शोधावे लागते आणि सुरुवातीला नळी हमखास चुकून योनीत जाते. तसे झाले तर घाबरू नये, दुसरी नळी घ्यावी. मुलात शिश्न सरळ वर धरून नळी हळूहळू आत न्यावी आणि अडल्यास जोर न करता क्षणभर थांबावे, स्नायू सैल पडला की ती पुढे सरकते. लघवी येऊ लागली की नळी आणखी एक-दोन सेंटिमीटर आत न्यावी, लघवी वाटीत मोजून घ्यावी, थांबली की खालच्या पोटावर हलका हात ठेवावा आणि नळी सावकाश बाहेर काढावी. काढताना पुन्हा धार आली तर तिथेच थांबावे. हे सारे परिचारिकेच्या देखत काही वेळा करून मगच घरी जावे.

दिवसातून बहुधा चार ते सहा वेळा हे करतात. नेमक्या वेळा आणि नळी किती वेळा वापरायची हे आपल्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठेवावे. मूत्राशय सैल करण्यासाठी ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध सोबत दिले जाते. ते चालू असताना घाम कमी येतो, म्हणून खानदेशी उन्हाळ्यात मुलाला दुपारी बाहेर नेऊ नये. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडणे नेहमीचेच असते. ताप, पोटदुखी, दुर्गंधी किंवा गळती वाढल्याखेरीज केवळ अहवालातील "जंतू आहेत" या शब्दांवरून अँटिबायोटिक मागू नये.

मूल सहा ते आठ वर्षांचे झाले की स्वतःचे काम स्वतः करायला शिकू शकते. आजी असे काम मुलाला करू देत नाही, हे प्रेमापोटीच होते, पण त्याने मूल शाळेच्या सहलीलाही जाऊ शकत नाही.

शौच, पाय आणि त्वचा

बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला असते आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाब टाकून लघवीचा त्रासही वाढवते. रोज जेवणानंतर ठरावीक वेळी पाय टेकतील अशा रीतीने बसवावे, पाणी, पालेभाजी, ज्वारीची भाकरी द्यावी आणि लागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध किंवा एनिमा वापरावा.

वाकडे पाऊल असेल तर दर आठवड्याला बदलायच्या प्लॅस्टरने, म्हणजे पॉनसेटी पद्धतीने, सरळ करता येते. या मुलांत ते पुन्हा वळण्याची शक्यता अधिक असल्याने स्प्लिंट सोडू नये. आतून त्वचेला जाणीव नसते, म्हणून प्लॅस्टर काढताच लाल डाग पाहावेत.

जाणीव नसण्याचा सर्वांत मोठा धोका भाजण्याचा. मोटारसायकलवर आईवडिलांच्या मध्ये बसलेल्या मुलाचा पाय सायलेन्सरला टेकतो, मूल रडत नाही, आणि गावी पोहोचल्यावरच पोटरीवरची जखम दिसते. मे महिन्यातील तापलेला सिमेंटचा ओटा, हातपाय शेकायची पिशवी, आंघोळीचे पाणी हेही तसेच. पाण्यात आधी आपले कोपर घालून पाहावे, मुलाला घरातही मोजे किंवा मऊ बूट घालावेत आणि रोज रात्री तळवे, टाचा, नितंब उजेडात नीट तपासावेत. खुर्चीत बसणाऱ्या मुलाला दर १५-२० मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलायला शिकवावे.

उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात चाल बिघडली, कंबर दुखू लागली, पाठीला बाक आला किंवा लघवीची गळती अचानक वाढली, तर मज्जारज्जू जुन्या व्रणाला चिकटून ताणला जात असण्याची शक्यता असते. तेव्हा पुन्हा न्यूरोसर्जनकडे जावे.

कागद आणि शाळा

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मज्जारज्जूच्या नळीचे हे जन्मदोष समाविष्ट आहेत. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला मूल दाखवावे म्हणजे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे नोंद होते. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून मिळते. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत मुख्याध्यापकांशी बोलून कडी लागेल असे एक शौचालय आणि नळी घालण्यासाठी दहा मिनिटे मागावीत; मुलीसाठी ही मागणी पाचवीतच करावी.

पुढचे बाळंतपण

एक मूल असे झाल्यावर पुढच्या वेळी धोका अनेक पटींनी वाढतो, साधारण शंभरात दोन ते चार. तो बराच कमी करता येतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात, अशा मातांनी रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेपूर्वीपासून घेतल्यावर पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते आणि डॉक्टर ती लिहून देतात. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी, शक्यतो तीन महिने आधी सुरू करून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायची असते. सोबत बी-१२ तपासून घ्यावे, विशेषतः घर शाकाहारी असेल तर.

ज्यांच्या घरात असे कधी झालेले नाही, त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. खरी अडचण वेळेची आहे. पाळी चुकल्याचे लक्षात येते, मग आठवडा वाट पाहिली जाते, मग आशाताईंकडे नाव जाते आणि गोळ्या मिळतात. तोवर गर्भातील नळी मिटण्याचा काळ संपून गेलेला असतो. पालक, मेथी, चवळी, हरभऱ्याची भाजी खावीच, पण शिजवताना फोलेट बरेच नष्ट होते आणि कळण्याच्या भाकरीवर भिस्त ठेवता येत नाही. काही देशांत गिरणीच्या पिठातच फॉलिक ॲसिड मिसळतात. अमेरिकेत १९९८ पासून ते बंधनकारक आहे. घरचे धान्य गल्लीतल्या चक्कीवर दळून आणणाऱ्या आपल्या घरांपर्यंत तो मार्ग सहसा येत नाही.

म्हणून गोळी लग्नाच्या तारखेशी जोडावी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे लगीनसराई असते. सुपारी फुटली की मुलीला गोळ्या सुरू कराव्यात आणि मूल हवे आहे तोवर त्या चालू ठेवाव्यात. फिट्सचे औषध घेणाऱ्या मुलीने मात्र ते स्वतःहून बंद करू नये. लग्न ठरताच न्यूरोलॉजिस्टला भेटून औषध बदलता येते का आणि फॉलिक ॲसिडची मात्रा किती ठेवायची, हे विचारून घ्यावे.